वेज पिलो म्हणजे तिरकी उशी, अन्ननलिकेचं ऑपरेशन झालेल्यांसाठी रिव्ह्यू (५ पैकी ४ स्टार)

ह्या उशीखालचे बाकीचे रिव्ह्यू वाचले तर सगळे ॲसिडिटीवाले, घोरणारे नाहीतर बेडवर रेलून मोबाईल बघणारे. त्यांचं खरं असेलच पण माझी केस वेगळी आहे, मला अन्ननलिकेचा कॅन्सर झाला होता, आधी केमो-रेडिएशन मग ऑपरेशन, तर आमच्यासारख्यांनी ही घ्यावी का आणि घेताना काय बघावं एवढ्यासाठी लिहितेय. लांब झालंय, घाई असेल त्यांनी उंचीचं तेवढं वाचा.

आधी उशी लागते कशाला ते. ऑपरेशनमध्ये अन्ननलिकेचा बराचसा भाग काढतात, जठराची लांबट नळी करतात, ती वर छातीत ओढून घेतात आणि उरलेल्या अन्ननलिकेला जोडून टाकतात. काहींना आतड्याचा तुकडा वापरतात पण बहुतेकांना जठरच. ह्या सगळ्यात अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप, म्हणजे खाल्लेलं वर येऊ न देणारी, ती जाते ती जातेच. मग आडवं झालं की आत जे असेल ते घशाकडे निघतं, कधी आंबट आणि कधी कडूजहर, ते कडू म्हणजे पित्त. गोळ्यांनी ॲसिड कमी होतं, मी पण घेते, पण पाणी वर यायचं ते येतंच, त्याला अडवायला झडपच नाही तर गोळी बिचारी काय करणार. आणि झोपेत ते श्वासनलिकेत गेलं तर नुसत्या ठसक्यावर भागत नाही, न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून "डोकं उंच ठेवून झोपा" हा घरगुती सल्ला नाहीये, हा ट्रीटमेंटचाच भाग आहे. आणि तरी आमच्या डिस्चार्जच्या कागदावर ह्याबद्दल एक ओळ होती फक्त, किती उंच, कशावर, किती दिवस, काहीच नाही. जखमेच्या ड्रेसिंगवर मात्र अख्खं पान!

सगळे करतात तेच आम्ही पण केलं, घरातल्या होत्या नव्हत्या त्या उशा एकावर एक रचल्या. नका करू. त्याने मान पुढे वाकते आणि पोट मधेच दुमडतं, पोटावर दाब आला की अजूनच वर येतं, आणि रात्री कधीतरी दोन उशा खाली जमिनीवर पडतात आणि तुम्ही सपाट झालेले असता. उंच व्हायला पाहिजे ती छाती, कमरेपासून वर, सरळ उतारात. ते काम ही वेज बरोबर करते, त्यात वादच नाही.

आता उंची. माझी १२ इंच उंच आणि खाली २४ इंच लांब आहे, म्हणजे साधारण २६-२७ अंश होतात. मला सर्जनने ३० च्या आसपास ठेवा सांगितलेलं, तर थोडी कमी पडते, डोक्याखाली एक पातळ उशी घेतली की चालून जातं. पण बाजारात ७ इंचीवाल्या जास्त दिसतात, तेवढ्याच लांबीला त्या १६ अंशाच्या आसपास जातात, साध्या ॲसिडिटीला ठीक असतील, आपल्याला नाही पुरणार. आणि जाहिरातीत ४५ अंश छापलेलं असतं त्यावर जाऊ नका, टेप लावा. ३० अंश पाहिजे तर उंची लांबीच्या निम्म्याहून थोडी जास्त पाहिजे, २४ इंचाला १४ इंच वगैरे. कोणी म्हणेल बेडच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे लावा, ते पण बघितलं, ८ इंचाचे ठोकळे लावले तरी ७५ इंच लांब बेडला जेमतेम ६ अंशाचा उतार मिळतो, आणि शेजारी झोपणारा माणूस फुकटात उतारावर. (यांचं म्हणणं आता मी रात्रभर वरून त्यांच्यावर नजर ठेवते. ठेवतेच.) हॉस्पिटलसारखा बटनवाला बेड असेल तर सगळ्यात बेस्ट, प्रश्नच मिटला, पण तो ठेवायला जागा पाहिजे.

फोमबद्दल माझं दोन्हीकडून आहे. खाली कडक फोम, वर दोनेक इंच मेमरी फोम. मेमरी फोम दबतो आणि थोडा अँगल खातो, म्हणून आधी मी नावं ठेवत होते. पण ह्या ऑपरेशननंतर वजन जे उतरतं, पहिल्या सहा महिन्यांत दहा टक्क्यांच्या वर उतरणारे खूप पेशंट असतात, त्यात मी पण आले, आणि मांसच राहिलं नाही की माकडहाड आणि खांद्याची पाती डायरेक्ट टोचायला लागतात. तेव्हा तोच मऊ थर कामाला आला. नुसत्या कडक फोमवाली स्वस्तात मिळते पण हाडं वर आलेल्या माणसाला नका देऊ.

पहिली तक्रार, घसरगुंडी. रात्री डोकं वर ठेवून झोपायचं आणि पहाटे बघावं तर मी बेडच्या पायथ्याशी, डोकं वेजच्या खालच्या कडेवर, म्हणजे असून नसून सारखीच. उपाय म्हणजे गुडघ्यांखाली छोटा लोड नाहीतर गुंडाळलेलं ब्लँकेट, त्याने खाली सरकणं बरंच थांबतं आणि पोट पण सैल राहतं, आणि वेजच्या खाली रबरी जाळीची मॅट. ह्या दोन वस्तू कंपनीने सोबतच द्यायला पाहिजेत खरं तर. कुशीवर झोपणाऱ्यांची मात्र पंचाईत आहे, कंबर वाकडी होते आणि खालचा हात बधिर. माझ्या उजव्या बरगड्यांजवळ चीर आहे, त्यामुळे त्या कुशीवर तशीही बरेच महिने जमत नव्हतं, पाठीवरच झोपायची सवय लागली.

दुसरी, वास. ही दाबून गुंडाळलेली येते, उघडली की नव्या फोमचा उग्र वास मारते. धडधाकट माणसाला काही वाटणार नाही पण केमो झालेल्याला तेवढ्यावर मळमळ सुटते. उघडून गॅलरीत दोन-तीन दिवस वाऱ्याला ठेवा, तोवर ती पूर्ण फुगते पण. पेशंट घरी यायच्या आधीच मागवून ठेवा.

आता फरक काय पडला. फॉलोअपला एक फॉर्म भरून घेतात, ईओआरटीसी नावाच्या युरोपियन संस्थेचा, ३० प्रश्न कुठल्याही कॅन्सरवाल्यांना आणि वर १८ खास अन्ननलिकेवाल्यांना, बहुतेक उत्तरं "अजिबात नाही" ते "खूप जास्त", १ ते ४. गेल्या आठवड्यात झोप लागायला त्रास झाला का, आंबट किंवा पित्त तोंडात आलं का, असे सरळ प्रश्न असतात. वेजच्या आधी दोन्हीला मी ४ वर गोल केला होता, नंतर दोन्हीला २. एका फोमच्या तुकड्याने दोन-दोन खुणा सरकल्या तर मला तरी ते मोठं वाटतं. रात्री झोप झाली की दिवसा चालायला जोर येतो, चाललं की थोडी भूक लागते. "इतरांसमोर जेवायला त्रास होतो का" ह्याला मात्र अजून ३ च आहे, त्याचा आणि उशीचा काही संबंध नाही.

म्हणजे कशाला उपयोग नाही ते पण सांगते, उगाच आशा नको. डंपिंगला नाही, म्हणजे खाल्लेलं भरकन आतड्यात उतरून जो त्रास होतो त्याला. गोड किंवा जास्त खाल्लं की अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळ, किंवा एक ते तीन तासांनी शुगर खाली जाऊन हातपाय थरथरणं, ते थोडं थोडं आणि हळू खाण्याने, जेवताना पाणी न पिण्यानेच आटोक्यात येतं. जेवल्या जेवल्या वेजवर पडायचं लायसन्स पण नाही हे, झोपायच्या आधी दोन-तीन तास पोट रिकामं पाहिजेच. आणि घास अडकायला लागला तर उशा बदलत बसू नका, जोडलेल्या जागी आकसून अरुंद होतं, एंडोस्कोपीने ताणून मोकळं करतात, लगेच दाखवा.

ज्यांचं ऑपरेशन नाही पण अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जठराच्या तोंडाशी स्टेंट, म्हणजे रस्ता उघडा ठेवणारी जाळीची नळी, बसवलाय त्यांना पण वर यायचा हाच त्रास असतो कारण स्टेंट झडप उघडीच ठेवतो, त्यांनी जरूर घ्या. रात्री पोटातल्या नळीतून पंपाने फीड चालू असेल त्यांना पण डोकं वर ठेवायचंच असतं, तिथे चालते, फक्त सरकताना नळी ओढली जाणार नाही एवढं बघा.

एक स्टार कापला तो कव्हरसाठी. रात्री कधी ना कधी तोंडातून पाणी येतं, पिवळे डाग पडतात, कव्हर सारखं धुवावं लागतं, आणि कंपनी जादा कव्हर विकतच नाही, आकार असा की घरातला कुठलाच अभ्रा बसत नाही. लेकीने जुन्या चादरीचं एक शिवून दिलं तेव्हा निभावलं. आतून वॉटरप्रूफ कव्हर घालून बघितलं तर कूस बदलली की कुरकुर आवाज आणि पाठीला घाम, काढून टाकलं, आता वरच्या बाजूला नुसता टॉवेल पसरते. चेन असलेली बाजू खाली घ्या, वर आली तर कानाला लागते.