सेलेस्ट गेम: सात महिने खेळल्यानंतरचा अनुभव (जुना लॅपटॉप, मालवण)

मार्चमध्ये सेलमध्ये घेतला होता, आता ऑक्टोबर चालू आहे, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. दोन दिवस खेळून लिहिलेले रिव्ह्यू मीपण वाचतो, पण गेम हातात बसायला वेळ लागतो आणि खरं काय ते त्यानंतरच कळतं.

आधी सेटअप सांगतो. लॅपटॉप आठ वर्षं जुना, आय-थ्री, 4 जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. घर खाडीच्या काठाला, नेट येऊन-जाऊन असतं, पावसात तर लाईटचाच पत्ता नसतो. याआधी मित्राच्या पीसीवर एक मोठा नावाजलेला गेम आम्ही टाकला होता, 100 जीबीच्या वर साईज, पाच रात्री डाउनलोड लावून ठेवला. दिसायला एवढा सुंदर की पाण्यावरचं ऊन बघत बसावं, पण कॅरेक्टरला पळवायला जा, बटण दाबल्यावर ते जरा थांबूनच पळणार, तलवार मारली तर लागली की नाही ते हाताला कळतच नाही. तिसऱ्या दिवशी बंद केला तो परत उघडलाच नाही. सेलेस्ट सव्वा जीबीच्या आसपास आहे, चित्रं जुन्या व्हिडिओ गेमसारखी ठोकळ्या-ठोकळ्यांची, आणि सात महिने झाले तरी आठवड्यातून चार दिवस मी तोच उघडतो. हा फरक कशामुळे पडला ते सांगायलाच हे लिहितोय.

गेम 2018 चा, मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी आणि त्यांच्या छोट्या टीमने केलेला. त्याआधी त्या दोघांनी पिको-8 (छोटे जुन्या धाटणीचे गेम बनवायचं सॉफ्टवेअर) वर चार दिवसांत याचं छोटं रूप बनवलं होतं, त्यातूनच पुढे हा मोठा झाला. मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते, एवढीच गोष्ट. तिला तीन गोष्टी येतात, उडी मारणं, हवेत एकदा डॅश मारणं (म्हणजे झटक्यात पुढे झेपावणं) आणि भिंत पकडून चढणं. डॅश शिल्लक असला की केस लाल, वापरला की निळे, जमिनीला पाय लागला की परत लाल. स्क्रीनवर आकडे नाहीत, पट्ट्या नाहीत, केसांकडे बघून सगळं कळतं. भिंतीला जास्त वेळ लटकलं की दम संपत येतो आणि ती लाल-लाल चमकायला लागते, दम पुरता संपायच्या आत कुठेतरी पाय टेकायचा. 700 च्या वर स्क्रीन आहेत आणि सगळ्या या तीन गोष्टींवर उभ्या आहेत, नवीन हत्यार वगैरे काही मिळत नाही, शेवटाकडे एक जास्तीचा डॅश मिळतो तेवढाच, सुधारतो तो आपला हात.

आता जे मला सगळ्यात जास्त आवडलं ते. हा गेम अवघड आहे असं सगळे म्हणतात आणि आहेच, शेवटच्या शिखराच्या चॅप्टरला मी हजाराच्या वर वेळा मेलो, पण एकदाही गेमने फसवलं असं वाटलं नाही. का, ते मला नंतर वाचून कळलं. कड्यावरून पाय सुटल्यावरसुद्धा सेकंदाचा साधारण दहावा भाग उडीचं बटण चालतं, याला कोयोटी टाइम म्हणतात, कार्टूनमधला तो कोल्ह्यासारखा प्राणी कडा संपल्यावरपण हवेत क्षणभर उभा राहतो त्यावरून. जमिनीला टेकायच्या जरा आधी बटण दाबलं तर गेम ते लक्षात ठेवतो आणि टेकल्याबरोबर उडी देतो. डोकं कोपऱ्याला घासलं तर बाजूला सरकवून पुढे जाऊ देतो. उडीच्या टोकाला बटण धरून ठेवलं तर थोडं तरंगायला मिळतं, म्हणजे कुठे उतरायचं ते बघायला वेळ. यातलं काहीच गेम सांगत नाही, आपल्याला फक्त वाटतं की हात बरोबर चालला.

एक गोष्ट तर मला लगेच ओळखीची वाटली. सरकणाऱ्या ठोकळ्यावरून उडी मारली की ठोकळ्याचा वेग उडीत मिसळतो, आणि ठोकळा थांबल्यावरही क्षणभर तो वेग धरलेला असतो. होडीतून जेटीवर जो कधी उतरलाय त्याला हे सांगायला नको. लाट होडीला वर उचलते, वर पोचता-पोचता पाय सोडायचा, मग लाटच तुम्हाला जेटीवर ठेवते, आणि लाट उतरायला लागल्यावर सोडलात तर गुडघा फुटलाच म्हणून समजा. लहानपणी हे बाबांनी शब्दांत कधी शिकवलं नाही, चार वेळा पडून आलं. हा गेमपण तसंच शिकवतो, मरा, अर्ध्या सेकंदात त्याच स्क्रीनच्या सुरुवातीला परत उभे, लोडिंग नाही, ओरडा नाही. किती वेळा मेलात त्याचा अभिमान बाळगा असं एक पोस्टकार्डच गेममध्ये येतं.

आणि गोष्टसुद्धा खेळण्यातूनच येते. चौथ्या चॅप्टरमध्ये रोपवेचा डबा मधेच अडकतो आणि मॅडलिनला घाबरून श्वास लागेना होतो. तिथे नुसता सीन दाखवून सोडलं असतं तर मी बटण दाबून पुढे गेलो असतो. पण तिथे पक्ष्याचं एक पीस दिसतं, ते चौकटीत तरंगत ठेवायचं, बटण धरायचं, सोडायचं, धरायचं, सोडायचं, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की माझापण श्वास त्याच लयीत चाललाय. रात्री दोन वाजता, बाहेर पाऊस, मी एकटा, खरंच छातीत हलकं वाटलं.

तक्रारी आहेत. कीबोर्डवर सुरुवातीची बटणं (सी उडी, एक्स डॅश) मला अवघड गेली, शिवाय माझ्या जुन्या कीबोर्डवर तीन बटणं एकदम दाबली तर एक लागतच नाही, त्यामुळे तिरका डॅश हुकायचा आणि मी उगाच स्वतःला दोष देत बसलो होतो. बटणं बदलता येतात, पहिल्याच दिवशी बदला, जमलं तर कंट्रोलर घ्या. तिसऱ्या चॅप्टरमधला हॉटेलवाल्याचा पाठलाग मला अजूनही आवडत नाही, तिथे विचार करायला जागाच मिळत नाही. बी-साइड लेव्हल (त्याच चॅप्टरची जास्त अवघड रूपं) सगळ्यांसाठी नाहीत. मराठी भाषा नाही, पण वाचायला फार नाही, चालून जातं.

असिस्ट मोडबद्दल लिहायलाच हवं. माझा दादा तांडेल आहे, म्हणजे मासेमारीच्या होडीचा प्रमुख, दोन वर्षांपूर्वी विंचच्या (दोर ओढायच्या यंत्राच्या) दोरात हात सापडला, उजव्या हाताची दोन बोटं आता पुरती वाकत नाहीत. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तो घरी होता आणि माझ्या मागे बसून बघायचा. एकदा दिलं हातात, बोटं वेळेवर पोचेनात, उठूनच गेला. मग मी असिस्ट मोड चालू केला, यात गेमचा वेग 10-10 टक्क्यांनी कमी करता येतो, दम संपणार नाही असं करता येतं, डॅश वाढवता येतात, हवं तर मरणंच बंद करता येतं. दादाला बाकी काही नको होतं, फक्त वेग 70 टक्के. बाकी सगळा गेम तोच, तेच काटे, तीच उडी. पहिला चॅप्टर संपवायला त्याला चार दिवस लागले. एकदा पडल्यावर मी म्हटलं अजून कमी करू का वेग, तर म्हणाला, "नको, माजीच चूक, बटान सोडूक उशीर झालो." मला वाटतं या गेमबद्दल एवढं बरोबर मी इतक्या लांब लिहूनसुद्धा सांगितलेलं नाही.

ऑगस्टपासून तो परत दर्यात जातो, सुट्टीच्या दिवशी खेळतो. सध्या चौथ्या चॅप्टरला आहे, तिथे वारा सुटतो आणि उडी मागे ढकलतो. मी तिथे वाऱ्याशी भांडून दीडशे वेळा मेलो होतो. दादा कडेला उभा राहतो, बर्फाचे कण कुठून कुठे जातायत ते बघतो, आणि वारा पडला की मगच उडी मारतो. वेग आता 90 वर आणलाय.