हप्ते फिटलेली क्लासिक 350 बदलावी का? नव्या क्लासिकचे एक परीक्षण

रॉयल एनफील्डच्या नव्या क्लासिक 350 वर मी गेल्या महिन्यात तीन वेळा बसलो. दोनदा इंदूरमधल्या शोरूमच्या टेस्ट राइडला, म्हणजे जेमतेम तीन-चार किलोमीटर, आणि एकदा आतेभावाची गाडी मागून घेऊन थेट महेश्वरला. माझ्या दारात त्याच नावाची 2013 ची गाडी उभी आहे. तिचे कर्ज 2016 मध्ये फिटले असून ती आजही कुरकुर न करता सुरू होते. त्यामुळे हे परीक्षण नवी गाडी चांगली आहे की नाही एवढ्यापुरते नाही. ती चांगलीच आहे. चालत्या आणि फिटलेल्या गाडीच्या जागी ती आणण्याइतकी चांगली आहे का, हे मला पाहायचे होते.

विषय निघाला तो 22 सप्टेंबर 2025 पासून. त्या दिवशी 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि आमच्या रविवारच्या पोहे-जिलेबीच्या कट्ट्यावर प्रत्येक जण अचानक हिशेबनीस झाला. दहा टक्के कर उतरला म्हणून गाडी घेणे म्हणजे सवलत मिळाली म्हणून औषध घेण्यासारखे आहे, असे मी तेव्हा म्हणालो खरा, पण पुढच्याच शनिवारी शोरूममध्ये होतो.

कागदावर दोन्ही गाड्यांत फारसा फरक दिसत नाही. जुन्या 346 सीसी इंजिनाची ताकद 19.8 अश्वशक्ती आणि टॉर्क 28 न्यूटन मीटर. 2021 मध्ये क्लासिकला मिळालेल्या 349 सीसी इंजिनाचे आकडे अनुक्रमे 20.2 आणि 27. ताकदीसाठी कोणी बदल करणार असेल, तर त्याने इथेच थांबावे. खरा फरक इंजिनाच्या घडणीत आहे. जुन्या इंजिनात 70 मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन तब्बल 90 मिलिमीटर वरखाली धावतो आणि त्याचा हिसका शोषून घेणारा बॅलन्सर शाफ्ट त्यात नाही. नव्यात व्यास 72, धाव 85.8 मिलिमीटर आणि सोबत बॅलन्सर शाफ्ट आहे. त्याचा परिणाम महूच्या पुढे मोकळा रस्ता लागताच कळला. माझ्या गाडीवर ताशी ऐंशीला आरशातला ट्रक पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा थरथरतो. नव्या गाडीच्या आरशात त्याच वेगाला ट्रकच्या कपाळावरची अक्षरे वाचता आली. मागे बसलेल्या पत्नीने मंडलेश्वर येईपर्यंत एकदाही थांबायला सांगितले नाही, ही गोष्ट मी कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी मानतो. धडधड मात्र सौम्य झाली आहे. ज्यांना ती हवी असते त्यांना नवी गाडी जरा सभ्य वाटेल. मला त्याचे दुःख झाले नाही.

घाटमाथ्यावरचा जाम दरवाजा ओलांडून माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरणारा घाट हा ब्रेकची परीक्षा घेणारा रस्ता आहे, आणि माझे मत तिथेच डळमळले. माझ्या गाडीला पुढे 280 मिलिमीटरची डिस्क आणि मागे ड्रम आहे, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) नाही. त्यामुळे वळणाआधी वाळू दिसली की ब्रेक किती दाबायचा याचा अंदाज बोटांनी घ्यावा लागतो. नव्या गाडीला पुढे 300, मागे 270 मिलिमीटरची डिस्क आणि दोन्ही चाकांना एबीएस आहे. एका वळणावर समोर अचानक बकऱ्यांचा कळप आला. मी दोन्ही ब्रेक पूर्ण दाबले, लिव्हर हाताखाली किंचित धडधडले, आणि 195 किलोची गाडी चाक न घसरता सरळ रेषेत थांबली. जुन्या गाडीवर मी बहुधा थांबलो असतो. पण या ‘बहुधा’चा विचार परतीच्या सबंध वाटेत डोक्यातून गेला नाही. एबीएस नंतर बाहेरून बसवून घेण्याची सोयही व्यवहारात नाही.

बाकीच्या गोष्टींवर फार शब्द खर्च करण्याची गरज वाटत नाही. पेट्रोलचा काटा आला, त्यामुळे टाकी हलवून आवाज ऐकण्याचा विधी संपला. किक गेली, ते मला आवडले नाही. बॅटरी बसलेली गाडी इंदूरजवळच्या सिमरोळच्या चढावर ढकलून पाहिल्याशिवाय किकेची किंमत कळत नाही. इंधनाच्या बाबतीत मात्र नव्या गाडीची बाजू भक्कम आहे, कारण ती 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठीच बनवलेली आहे. माझ्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा पाइप आणि काही रबरी वॉशर इथेनॉलने खराब होतील या धास्तीने आधीच बदलून घ्यावे लागले.

आता हिशेब. मला मिळालेले कोटेशन सर्व खर्च धरून 2 लाख 25 हजारांचे होते. जुन्या गाडीचे 45 हजार वजा, 30 हजार खिशातून, म्हणजे कर्ज दीड लाखाचे. साडेदहा टक्के दराने तीन वर्षांचा हप्ता सुमारे 4,875 रुपये येतो आणि व्याजापोटी साधारण साडेपंचवीस हजार जातात. मागच्या बारा महिन्यांत माझी गाडी 2,600 किलोमीटर चालली. वर्षाचे हप्ते 58,500 रुपये, तेव्हा पेट्रोल भरण्यापूर्वीच किलोमीटरमागे साडेबावीस रुपये. त्याच वर्षी जुन्या गाडीला चेन-स्प्रॉकेट, मागचा टायर, क्लच प्लेट आणि दोन वेळचे ऑइल धरून चौदा हजार लागले, म्हणजे किलोमीटरमागे पाच रुपये चाळीस पैसे, आणि ते वर्ष खर्चिक होते. रोज ऑफिसला याच गाडीने जाणाऱ्याचे उत्तर वेगळे येईल. मी ऑफिसला स्कूटरने जातो.

छोट्या ग्वालटोलीतल्या ज्या मिस्त्रीकडे ही गाडी बारा वर्षे जाते, त्याला मत विचारले. त्याने टॅपेटचा आवाज ऐकला, सायलेन्सरमागे हात धरला आणि म्हणाला, “भिया, इंजन की गारंटी मैं लेता हूँ, ब्रेक की आप लो.” विक्रेत्यांच्या सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा हे वाक्य मला उपयोगी पडले.

तेव्हा माझा निर्णय असा. पावसाळ्यात घाटात जायचे असेल, मागे नियमित कोणी बसत असेल किंवा घरातला अठरा वर्षांचा मुलगा गाडी चालवू लागणार असेल, तर नवी क्लासिक घ्यावी, आणि केवळ ब्रेकसाठी घ्यावी. माझ्याकडे यांपैकी मधली एकच अट अर्धीमुर्धी लागू आहे. म्हणून मी कोटेशन परत केले, पुढचा टायर, ब्रेक पॅड आणि मागचे ब्रेक शू बदलून घेतले, आणि पावसाचे चार महिने घाटात न जाण्याचे घरी कबूल केले. 2028 मध्ये पंधरा वर्षे पूर्ण होऊन नोंदणीचे नूतनीकरण करावे लागेल. त्याची सरकारी फी दुचाकीला 1,000 रुपये आहे, पण तपासणीत गाडी टिकली पाहिजे. तेव्हा पुन्हा विचार करीन.

या सगळ्यात एक गोष्ट अनपेक्षितपणे हाती लागली. गाडीची किंमत ठरवणाऱ्या मुलाने आरसी पाहून विचारले, “काका, हिच्यावर अजून बँकेचा बोजा दिसतोय, हप्ते बाकी आहेत का?” शेवटचा हप्ता भरल्यावर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35, म्हणजे बोजा उतरवण्याचा अर्ज, आरटीओत द्यायचे असतात, हे मला 2016 मध्ये कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. नऊ वर्षे मी ज्या गाडीला फिटलेली म्हणत होतो, ती कागदावर बँकेकडे गहाणच होती. पत्राची दुसरी प्रत मिळवायला शाखेत तीन खेपा झाल्या. गेल्या मंगळवारी आरसीवरचा तो रकाना रिकामा झाला.