बिटवॉर्डन पासवर्ड मॅनेजर: किल्ली कपाटात ठेवून कपाट ओढून घेऊ नका

बरोबर असलेला पासवर्ड ‘चुकीचा’ ठरण्याची कारणं ठरलेली आहेत. फोनच्या कीबोर्डने पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल केलेलं असतं. कॉपी करताना शेवटी एक रिकामी जागा चिकटून आलेली असते. किंवा नोंदणीच्या फॉर्मने तीस अक्षरांपैकी पहिली वीसच गुपचूप ठेवून घेतलेली असतात आणि लॉगिनचा फॉर्म तीसच्या तीस तपासतो. मग ‘पासवर्ड विसरलात?’, मग ईमेल, मग नवा पासवर्ड, आणि त्यावर साइटचं उत्तर: जुनाच पासवर्ड पुन्हा ठेवता येणार नाही. म्हणजे आठवत होता तोच खरा होता! यावर पासवर्ड मॅनेजर वापरा असं सगळेच सांगतात. पण तो पहिल्या तासात नीट मांडला नाही, तर शंभर बारक्या कटकटी जाऊन एक मोठी येते. म्हणून बिटवॉर्डनच्या या परीक्षणात त्या पहिल्या तासाला जास्त जागा दिली आहे.

बिटवॉर्डन २०१६ पासून आहे आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे. फुकट खात्यात नोंदी (एका साइटचं नाव आणि पासवर्ड म्हणजे एक नोंद) कितीही ठेवता येतात आणि उपकरणंही कितीही जोडता येतात. ते सुचवण्याचं पहिलं कारण हेच, कारण जो मॅनेजर फोनवर चालतो पण लॅपटॉपवर नाही, तो आठवडाभरात बाजूला पडतो. तिजोरीतला, म्हणजे तुमच्या नोंदींच्या साठ्यातला, मजकूर तुमच्याच उपकरणावर एईएस-२५६ या कूटबद्ध करण्याच्या पद्धतीने बंद होतो आणि मग सर्व्हरवर जातो. त्याची किल्ली मास्टर पासवर्डपासून, म्हणजे तिजोरी उघडणाऱ्या मुख्य पासवर्डपासून, बनते. त्यासाठी नव्या खात्यात पीबीकेडीएफ२ या गणिती प्रक्रियेच्या ६,००,००० फेऱ्या लागतात, म्हणजे कुणी तिजोरीची प्रत पळवलीच तर प्रत्येक अंदाजामागे त्याला तेवढं गणित करावं लागतं. सेटिंगमध्ये किल्ली बनवण्याचा आर्गॉन२आयडी हा दुसरा पर्यायही आहे. तो निवडलात तर आकडे आहेत तसेच राहू द्या. मेमरी वाढवली की आयफोनवर ऑटोफिल (चौकटीत पासवर्ड आपणहून भरण्याची सोय) मध्येच मान टाकतं, कारण तिथे ऑटोफिलला मोजकीच मेमरी मिळते.

मास्टर पासवर्ड कंपनीकडे नसतोच. तो विसरलात तर तुम्हीच लिहून ठेवलेली हिंट ईमेलवर येते, बस. तीही कामी आली नाही तर खातं पुसून पहिल्यापासून सुरुवात. एवढं पटत नसेल तर पुढे जाऊच नये.

मास्टर पासवर्ड किमान १२ अक्षरांचा लागतो. सगळ्यात सोपी रीत म्हणजे बिटवॉर्डनच्याच जनरेटरमधून पाच-सहा सुटे शब्द काढणं. त्यामागची यादी ७,७७६ शब्दांची आहे, म्हणजे पाच फासे टाकून जितके प्रकार पडतात तितके. शब्द यंत्राने निवडलेले हवेत. मनाने निवडलेले शब्द ‘सहज सुचलेले’ असतात, आणि सहज सुचतं ते दुसऱ्यालाही सुचतं. इंग्रजी शब्द लक्षात राहत नाहीत म्हणून कुणी मराठी शब्द रोमन लिपीत लिहितात. चालेल, पण ‘झाड’ कुणी झेडने लिहितं, कुणी जेएचने, आणि मधला ‘आ’ एक ‘ए’ की दोन, हे महिन्याभराने खात्रीने सांगता येत नाही. जे स्पेलिंग ठरवाल ते कागदावर लिहूनच ठेवा.

थेट देवनागरीत मास्टर पासवर्ड मात्र नकोच. नव्या उपकरणावर मराठी कीबोर्ड असेलच असं नाही, आणि असला तरी ‘ऱ’ हे अक्षर एक कीबोर्ड एकाच चिन्हाने उमटवतो, दुसरा ‘र’ला नुक्ता (अक्षराखालचं टिंब) जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी. ‘दऱ्या’सारख्या शब्दात न दिसणारं जोडचिन्हही लपलेलं असू शकतं.

आता खरा फास. ईमेलचा पासवर्ड तिजोरीत ठेवला. फोन हरवला. नव्या फोनवर बिटवॉर्डन उघडायला गेलात, तर दोन पायऱ्यांचं लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक कोड किंवा किल्ली मागणारं) चालू नसलेल्या खात्याला ते नव्या उपकरणावर ईमेलने कोड पाठवतं. कोड ईमेलमध्ये, ईमेलचा पासवर्ड तिजोरीत, तिजोरी कोडाशिवाय बंद. मास्टर पासवर्ड पाठ असूनही तुम्ही दाराबाहेर. दोन पायऱ्या चालू करून ऑथेंटिकेटर ॲप (सतत बदलणारे लॉगिन कोड दाखवणारं) त्याच हरवलेल्या फोनवर ठेवलं असेल तरी गत तीच. म्हणून पहिल्याच दिवशी एका कागदावर चार गोष्टी पेनाने लिहायच्या: बिटवॉर्डन खात्याचा ईमेल पत्ता, मास्टर पासवर्ड, दोन पायऱ्यांच्या लॉगिनचा रिकव्हरी कोड, आणि त्या ईमेलचा पासवर्ड. कागद घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवायचा. पासवर्ड कागदावर लिहू नये हा सल्ला मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीसाठी आहे. दूरदेशातून अंदाज लावणाऱ्या चोराचा हात तुमच्या कपाटापर्यंत पोचत नाही.

दुसऱ्या पायरीसाठी ऑथेंटिकेटर ॲप, ईमेल आणि यूएसबी सुरक्षा किल्ली हे तिन्ही पर्याय फुकट खात्यातही मिळतात. ईमेलचा पर्याय वरच्या फासामुळे नकोच. रिकव्हरी कोडबद्दल एक गैरसमज फार दिसतो. तो कोड फक्त दुसरी पायरी काढून टाकतो, विसरलेला मास्टर पासवर्ड परत आणत नाही. एकदा वापरला की तो बाद होतो, आणि मग नवा कोड कागदावर उतरवायचा.

ब्राउझरमधले जुने पासवर्ड आणायला फार वेळ लागत नाही. क्रोमच्या पासवर्ड व्यवस्थापनातून सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातली यादी) काढायची आणि बिटवॉर्डनच्या इम्पोर्ट पानावर क्रोमचा प्रकार निवडून ती चढवायची. या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडे असतात. काम झालं की ती डाउनलोडमधून पुसा, रिसायकल बिनमधूनही पुसा, आणि डाउनलोडचं फोल्डर आपोआप क्लाउडवर जात असेल तर तिथली प्रतही काढा. इम्पोर्ट करताना दुहेरी नोंदी तपासल्या जात नाहीत. फाइल दोनदा चढवली तर सगळं दोनदा दिसतं. यानंतर ब्राउझरचं स्वतःचं ‘पासवर्ड जतन करू का?’ बंद करायला विसरू नका. दोघांनी एकाच चौकटीवर हक्क सांगितला की जुना पासवर्ड एकाकडे आणि नवा दुसऱ्याकडे राहतो. मग ‘बिटवॉर्डन चुकीचा पासवर्ड भरतं’ अशी बोंब होते.

रोजच्या वापरात पासवर्ड भरायला, ब्राउझरमध्ये बिटवॉर्डनचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) असलं की, कंट्रोल-शिफ्ट-एल हे तीन बटणांचं जोडकाम लक्षात ठेवलं तरी पुरतं. पान उघडताच आपोआप भरण्याची सोय मुळात बंद असते आणि ती बंदच बरी, कारण पानात कुणी घुसवलेल्या लपलेल्या फॉर्ममध्येही पासवर्ड भरला जाऊ शकतो.

नोंद कोणत्या पानावर दाखवायची हे बिटवॉर्डन डोमेनवरून, म्हणजे पत्त्यातल्या साइटच्या नावावरून, ठरवतं. मूळ सेटिंग ‘बेस डोमेन’चं आहे, म्हणजे फक्त मुख्य नाव बघितलं जातं, त्याच्या पुढे जोडलेलं उपडोमेन नाही. एकाच संस्थेचं ईमेल, रजेचा अर्ज आणि पगारपत्रक वेगवेगळ्या उपडोमेनवर असेल, तर तिन्ही पानांवर तिन्ही नोंदी पुढे येतात आणि चुकीची निवडली जाते. त्या नोंदींत जुळणीचा पर्याय ‘होस्ट’ (उपडोमेनसकट नाव) करा, गोंधळ मिटतो. याच जुळणीचा मोठा फायदा फसव्या साइटवर कळतो. एक अक्षर बदललेला पत्ता आपल्या डोळ्यांना खरा वाटतो, पण बिटवॉर्डनला तो वेगळाच दिसतो आणि ते गप्प बसतं. नेहमीच्या साइटवर सूचना आली नाही, तर तिजोरीतून हाताने कॉपी करायचा मोह आवरा आणि पत्ता वाचा. कधी साइटनेच लॉगिनचा पत्ता बदललेला असतो. तेव्हा पत्ता स्वतः टाइप करून खात्री करायची आणि तो त्याच नोंदीत दुसरा पत्ता म्हणून जोडायचा.

बिटवॉर्डन अडखळतं ते बहुतेक वेळा वाईट फॉर्मवर. नाव एका पानावर आणि पासवर्ड पुढच्या पानावर असेल तर जोडकाम दोनदा वापरावं लागतं. ग्राहक क्रमांकासारखी तिसरी चौकट असेल तर तिच्यावर राइट-क्लिक करून एक्स्टेन्शनच्या यादीतून तिचं कस्टम फील्ड नाव कॉपी करा आणि नोंदीत त्याच नावाचं फील्ड जोडा. पासवर्ड भरलेला दिसतो पण ‘पुढे’चं बटण राखाडीच राहतं, हा नेहमीचा प्रकार: ते पान कळ दाबल्याची वाट बघत असतं. चौकटीच्या शेवटी एक अक्षर टाइप करून खोडा, बटण जागं होतं. काही साइट पेस्ट करू देत नाहीत. त्याने सुरक्षितता वाढत नाही, लोक फक्त छोटे पासवर्ड ठेवू लागतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेतच पेस्ट करू द्या, आणि ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, असं लिहिलं आहे. दर ९० दिवसांनी नवा पासवर्ड मागणाऱ्या विभागांपर्यंत ते अजून पोचायचं आहे.

जनरेटर ५ ते १२८ अक्षरांचे पासवर्ड देतो. २० अक्षरं पुष्कळ झाली. १२८ च्या हौसेने काही मिळत नाही, उलट कापाकापीची शक्यता वाढते. बऱ्याच साइट पासवर्ड साठवायला बीक्रिप्ट ही पद्धत वापरतात आणि ते फक्त पहिले ७२ बाइट बघतं. देवनागरीत एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे काना-मात्रा धरून २४ चिन्हांतच हद्द संपते. टीव्हीवर रिमोटने टाकायच्या पासवर्डसाठी चिन्हांचा काला नको, शब्दांचा प्रकार निवडा. पासवर्ड बदलताना क्रमही महत्त्वाचा: आधी नवा पासवर्ड नोंदीत जतन, मग साइटवर सादर, मग लगेच लॉगआउट करून पुन्हा लॉगिन. साइटने अक्षरं कापली असतील तर ती तिथल्या तिथे उघडी पडते. साइटने नवा पासवर्ड नाकारला तरी जुना नोंदीच्या इतिहासात सापडतो. मागचे पाच तिथे राहतात. आईचं माहेरचं आडनाव विचारणाऱ्या सुरक्षा प्रश्नांना खरं उत्तर देण्याचं बंधन नाही. तिथे जनरेटरचे तीन शब्द द्या आणि नोंदीच्या लपवलेल्या फील्डमध्ये ठेवा. फोनवर विचारलं तर सांगताही येतात.

तिजोरी किती वेळाने बंद व्हावी हे प्रत्येक उपकरणावर वेगळं लावावं लागतं. दर वेळी मोठा पासवर्ड नको म्हणून पिन ठेवता येतो. पण लॅपटॉपवर ‘पुन्हा सुरू झाल्यावर मास्टर पासवर्ड मागा’ ही खूण काढू नका. ती काढली की किल्ली पिनच्या कुलपात डिस्कवर राहते, आणि चार आकडी पिनचे दहाच हजार प्रकार.

पैसे भरलेल्या खात्यात ओटीपी तयार करण्याची सोय, फाइल जोडणं, पासवर्डच्या तब्येतीचे अहवाल आणि विश्वासातल्या माणसाला ठरवलेल्या मुदतीनंतर तिजोरी उघडू देण्याची तरतूद मिळते. शेवटची गोष्ट घरच्यांसाठी खरोखर कामाची आहे. ओटीपीचं तसं नाही. पासवर्ड आणि सहा आकडी कोड एकाच तिजोरीत ठेवले की दोन कुलपांच्या किल्ल्या एका जुडग्यात आल्या. बारीकसारीक खात्यांना ठीक, पण ईमेल आणि पैशांची खाती वेगळ्या ॲपमध्ये असावीत. त्या ॲपचा कोड सतत चुकीचा ठरत असेल तर फोनचं घड्याळ बघा. हे कोड बहुधा ३० सेकंदांच्या वेळेवर बेतलेले असतात, आणि हाताने लावलेलं घड्याळ मिनिटभर मागे-पुढे असलं तरी ते जुळत नाहीत.

पासकीही, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायच्या डिजिटल किल्ल्याही, यात ठेवता येतात आणि त्या सगळ्या उपकरणांवर मिळतात. मात्र पासकी बनवताना फोन स्वतःचं दालन पुढे करतो. घाईत ‘ठीक’ दाबलं तर ती बिटवॉर्डनमध्ये न जाता तिकडेच राहते, आणि मग लॅपटॉपवर सापडत नाही.

मोठी उणीव एकच वाटते: नेट नसताना तिजोरी वाचता येते, पण नवी नोंद करता येत नाही.

महिन्यातून एकदा तिजोरीची प्रत काढून पेन ड्राइव्हवर ठेवा. एक्स्पोर्ट करताना कूटबद्ध जेसन (जेसन हा फाइलचा एक प्रकार) निवडा आणि त्यातही ‘पासवर्डने संरक्षित’ हा प्रकार. दुसरा, खात्याशी बांधलेला प्रकार फक्त त्याच खात्यात उघडतो. खातंच गेलं तर ती फाइल निरुपयोगी. या जेसन प्रतीत कचरापेटीतल्या नोंदी आणि जोडलेल्या फाइली येत नाहीत. पुसलेल्या नोंदी कचरापेटीत ३० दिवस राहतात, तेव्हा हवं ते आधी बाहेर काढा. प्रत उघडते का हे बघायचं असेल तर एक रिकामं फुकट खातं काढून त्यात चढवा, आणि तपासून झालं की ते खातं पुसून टाका.