हशा एकाच वेळी: सांस्कृतिक केंद्रातल्या सुगम्य प्रयोगांचा आठ महिन्यांचा अनुभव

मला नाटक दिसतच नाही असं नाही. त्याचा एक तुकडा दिसतो. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजारात आधी अंधारातलं दिसणं जातं, मग बाजूचं, आणि शेवटी नळीतून पाहावं तसा मधला गोल उरतो. माझा गोल आता इतका लहान झालाय की बोलणारा नट त्यात मावला की ऐकणारा बाहेर राहतो. आणि नाटकातली निम्मी गंमत ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असते. गेली कित्येक वर्षं मी नाटकाला जायचे ती शेजारी कुजबुजणाऱ्या माणसाच्या भरवशावर. सगळं सभागृह हसायचं, मग मला कारण कळायचं, मग मी हसायचे. तोवर पुढचं वाक्य निघून गेलेलं असायचं.

गेल्या आठ महिन्यांत शहरातल्या मोठ्या सांस्कृतिक केंद्रात मी अकरा प्रयोग पाहिले. सात ऑडिओ डिस्क्रिप्शनचे (म्हणजे रंगमंचावर जे दिसतं त्याचं कानात वर्णन), तीन आईबरोबर (तिच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत) आणि एक भाच्याबरोबर. पहिल्या एक-दोन प्रयोगांनंतर लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून थांबले.

सगळ्यात आधी ऑडिओ डिस्क्रिप्शनबद्दल, कारण त्यानेच मला पुन्हा नाटकाकडे आणलं. दाराशी एक छोटा रिसीव्हर मिळतो, त्याचा इअरफोन एका कानात लावायचा. दुसरा कान रंगमंचासाठी मोकळा. प्रेक्षागृहाच्या मागे काचेच्या खोलीत एक बाई बसलेली असते आणि संवादांच्या मधल्या फटींमध्ये ती बोलते. पडदा उघडायच्या आधी दहा-बारा मिनिटं ती नेपथ्य सांगते, कोणाचे कपडे कसे, कोण उंच, कोण लंगडतो. नाटक सुरू झालं की मात्र तिचं बोलणं अगदी कमी होतं. चांगलं वर्णन करणारी व्यक्ती अर्थ सांगत नाही. ‘ती चिडली’ असं म्हणत नाही, ‘ती पत्राची चौथी घडी घालते’ असं म्हणते. चिडली हे मला माझं कळतं.

तिसऱ्या प्रयोगातला एक क्षण सांगते. एक म्हातारा आपल्या मुलाला कडक शब्दांत बोलत होता. त्याच वेळी कानात आवाज आला, ‘वडिलांच्या पाठीमागे धाकटी हळूच दाराची कडी काढते.’ चार-पाच शब्दांच्या फटीत बसवलेलं वाक्य. कडीचा आवाज, सभागृहाचा हशा आणि माझा हशा एकदम झाला. शेजारच्या कोणाला विचारावं लागलं नाही. घरी आल्यावर मी बराच वेळ त्या एका क्षणाबद्दलच बोलत होते.

ही कला नवी नाही. 1981 मध्ये वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात मार्गारेट आणि कोडी फान्स्टील यांनी अशा वर्णनाची सुरुवात केली. मार्गारेटबाईंनाही रेटिनायटिस पिगमेंटोसाच होता. हे वाचल्यावर मला त्या वर्णनात कोणत्या गोष्टी सांगायच्या आणि कोणत्या गाळायच्या, हे इतकं नेमकं का असतं ते उमगलं. ज्याला हवं आहे, त्यानेच ते घडवलं होतं.

टच टूर ही दुसरी गोष्ट, आणि ती मी कोणालाही चुकवू देणार नाही. प्रयोगाच्या दीड तास आधी आम्हाला, सात-आठ जणांना, थेट रंगमंचावर नेतात. कंदील हातात घेतला तर तो पिसासारखा हलका, प्लास्टिकचा. राणीचा झगा मात्र उचलवेना इतका जड, आतून जाड कापडाचं अस्तर, आणि काखेत घाम टिपायला शिवलेले तुकडे. मागच्या भिंतीशी चार पायऱ्या होत्या, तिसरी किंचित करकरते. मग नट एकेक करून आपलं नाव सांगतात, पात्राचं नाव सांगतात आणि पात्राच्या आवाजात एक वाक्य म्हणतात. पुढे प्रयोगात ती तिसरी पायरी करकरली, तेव्हा कानातल्या बाईने काही सांगायच्या आत मला ठाऊक होतं कोण कुठून उतरतंय.

आता दोष. रिसीव्हर इन्फ्रारेडवर चालतात. म्हणजे प्रकाशासारखंच, वाटेत काही आलं की सिग्नल तुटतो. पहिल्यांदा मला खांबामागची खुर्ची दिली आणि अर्धा अंक कानात खरखर होती. रिसीव्हर मांडीवर ठेवून त्यावर हात ठेवला तरी आवाज जातो, हे मला कोणी सांगितलं नाही, चौथ्या प्रयोगाला शेजारच्या प्रेक्षक आजोबांनी सांगितलं. एकदा मध्यंतरानंतर बॅटरीच संपली. बदलून द्यायला दाराशी माणूस होता, पण तो पोचेपर्यंत एक महत्त्वाचा प्रवेश गेला. हे टाळणं इतकं सोपं आहे की राग येतो: प्रत्येक प्रयोगाआधी बॅटऱ्या पूर्ण भरल्या आहेत का ते पाहायचं, आणि एक जादा रिसीव्हर रांगेच्या टोकाशी ठेवायचा.

आईची गोष्ट वेगळी. तिला आवाज ऐकू येतो, शब्द सुटत नाहीत. मोठ्या सभागृहात तर भिंतींवरून परतणारा आवाज, खोकले आणि खुर्च्या सगळं तिच्या यंत्रात सारख्याच जोराने शिरतं. केंद्रात हिअरिंग लूप आहे. जमिनीखालून फिरवलेली तार चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि श्रवणयंत्रातली टेलिकॉइल, म्हणजे तारेची छोटी गुंडाळी, ते पकडते. मायक्रोफोनचा आवाज थेट कानात, मधल्या हवेचा काही संबंध नाही. ब्रिटनमध्ये 1937 मध्येच जोसेफ पोलिआकॉफ यांनी याचं पेटंट घेतलं होतं. इतकी जुनी युक्ती, आणि आई सत्तरी ओलांडेपर्यंत तिच्याशी कोणी याबद्दल बोललं नव्हतं. तिच्या यंत्रात टेलिकॉइल होती. फक्त चालू केलेली नव्हती. यंत्र बसवणाऱ्याकडे जाऊन आम्ही ती चालू करून घेतली, पाच मिनिटांचं काम.

पहिल्या प्रयोगाला आई यंत्राचं बटण दाबून ‘टी’वर, म्हणजे टेलिकॉइलवर, गेली आणि माझा हात घट्ट धरला. ‘अगं, तो श्वास घेतोय ते ऐकू येतंय मला,’ म्हणाली. मी तिला गप्प करायला हवं होतं, पण नाही केलं.

दुसऱ्या वेळी मात्र लूप बंद होता. दाराशी निळ्या पाटीवर कानाचं चित्र आणि शेजारी ‘टी’ दिमाखात, आणि आत शांतता. विचारलं तर कर्मचाऱ्याला लूप म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. शेवटी ध्वनी पाहणाऱ्या मुलाने येऊन तो सुरू केला, पहिला अंक अर्धा झाल्यावर. या लूपसाठी आयईसी 60118-4 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, क्षेत्र किती तीव्र असावं ते त्यात ठरवून दिलंय. मानकाप्रमाणे बसवून उपयोग काय, जर रोज संध्याकाळी कोणी तपासत नसेल? आणखी एक: बाल्कनीत मागच्या रांगेत लूप फिका पडतो. खालच्या मजल्यावर मध्यभागी बसा.

तिसऱ्या वेळी कॅप्शन होती. रंगमंचाच्या डाव्या बाजूला पडदा, त्यावर संवाद सरकतात. ती आपोआप येत नाहीत. एक माणूस संहिता समोर ठेवून नटाच्या लयीत ओळ पुढे सरकवतो. इथे मला आमच्या दोघींच्या तक्रारीतला सारखेपणा दिसला. मी उशिरा हसायचे, त्या दिवशी आई आधी हसली. पडद्यावर विनोदाची ओळ नटाच्या तोंडात यायच्या आधीच आली, आई एकटीच मोठ्याने हसली आणि मग खाली मान घालून बसली. दुसऱ्या अंकात ओळी थोड्या मागे धरल्या गेल्या आणि सगळं जमलं. कोणीतरी सांगितलं असावं, किंवा त्याचं त्यालाच कळलं असेल. ज्याने हे सुधारलं त्याचे मनापासून आभार.

भाच्याबरोबरच्या रिलॅक्स्ड प्रयोगावर थोडक्यात लिहिते, कारण एकच झाला. तो नऊ वर्षांचा, ऑटिस्टिक. दिवे पूर्ण विझवत नाहीत, अचानकचे आवाज कमी केलेले, बाहेर जायची-यायची पूर्ण मुभा, बाहेर एक शांत खोली. आठवडाभर आधी छायाचित्रांचं पुस्तक पाठवलं होतं: हे दार, ही खुर्ची, इथे मोठा आवाज होईल. तो दोनदा बाहेर गेला, दोनदा परत आला. परत आला हे महत्त्वाचं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर असा पहिला प्रयोग 2011 मध्ये झाला. अडचण एवढीच की असे प्रयोग फक्त बालनाट्यांचे होतात. तो मोठा होईल, तेव्हा काय पाहील?

तिकीट काढणं हा या सगळ्यातला सर्वांत कच्चा भाग. वेबसाइटवरचा खुर्च्यांचा नकाशा स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ‘बटण, बटण, बटण’ इतकंच वाचता येतो. सोबतीची खुर्ची ऑनलाइन घेताच येत नाही. फोनवरची माणसं फार चांगली आहेत, काठी वापरता का, किती पायऱ्या चालतात, टच टूरला येणार का, सगळं आपुलकीने विचारतात. पण फोन कामाच्या वेळेतच चालतो, आणि तोवर पुढच्या रांगा ऑनलाइन गेलेल्या असतात. 2006 च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात कलम 30 सांस्कृतिक जीवनात बरोबरीने भाग घेण्याबद्दल आहे. बरोबरीने म्हणजे मध्यरात्री अचानक इच्छा झाली तर मलाही तिकीट काढता यावं.

नृत्याच्या कार्यक्रमांना वर्णन अजिबात नाही. संगीत पुरेसं आहे असं कोणाला वाटत असेल, पण मला पायांचा आवाज येतो आणि हात कुठे गेले ते कळत नाही. याबद्दल मी लेखी विनंती केली आहे. नाटकाच्या बाजूने तसं काही मागावं लागलं नाही. वेळापत्रकात दर नाटकाचा निदान एक वर्णनाचा प्रयोग असतोच. फक्त एकच, त्यामुळे त्या दिवशी ताप आला तर नाटक गेलं.

जायचं ठरवलं तर इतकं करा. श्रवणयंत्र असेल तर टेलिकॉइल आहे का आणि चालू आहे का, ते आठवडाभर आधी विचारून घ्या. नव्या लहान यंत्रांत ती बऱ्याचदा नसते. रिसीव्हर घेतल्यावर दाराशीच लावून पाहा, आत गेल्यावर नको. खुर्ची मधली मागा, खांबापासून दूर. टच टूरसाठी फोनवर नाव वेगळं नोंदवावं लागतं, तिकिटात ती आपोआप येत नाही. पुढच्या प्रयोगाची आमची दोन तिकिटं निघाली आहेत. त्या दिवशी वर्णन आणि कॅप्शन दोन्ही आहेत, म्हणजे आई आणि मी पहिल्यांदाच एकाच प्रयोगाला आपापल्या सोयीने बसू.