रँक-एलची १० मायक्रोग्रॅमची कुपी: तीन कुप्या वापरल्यानंतर

मी पुण्यात उंदराच्या अस्थिमज्जेतून ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड झिजवणाऱ्या पेशी, वाढवते. त्यांना घडवणारं रँक-एल हे प्रथिन कमकुवत निघालं की नुसत्या मॅक्रोफेज, म्हणजे ज्यांपासून ऑस्टिओक्लास्ट बनतात त्या पेशी, हाती राहतात. आधीच्या कुपीने तेच झालं, म्हणून ही मागवली.

मांडीच्या आणि नडगीच्या हाडांतली मज्जा तीन दिवस एम-सीएसएफवर, म्हणजे मॅक्रोफेज वाढवणाऱ्या प्रथिनावर, ठेवली. मग ९६ वेलच्या (छोट्या खाचांच्या) प्लेटमध्ये एम-सीएसएफ ३० आणि रँक-एल ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. तिसऱ्या दिवशी मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) बदललं तेव्हा सगळ्या पेशी सुट्याच होत्या, जीव अगदी टांगणीला. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्या एकमेकींत मिसळू लागल्या. पाचव्या दिवशी सकाळी बघते तर थालीपीठासारख्या पसरलेल्या अवाढव्य पेशी, एकेकीत दहा-बारा केंद्रकं! ट्रॅप या ऑस्टिओक्लास्टमधल्या विकराचा रंग दिला आणि वेल कोकमासारखे लालजांभळे झाले. नुसतं एम-सीएसएफ दिलेल्या वेलमध्ये तीन केंद्रकांची एकही पेशी नव्हती. पण रंग चढला म्हणजे पेशी हाड खाते असं नाही, म्हणून डेंटिनच्या, म्हणजे दातातल्या हाडासारख्या पदार्थाच्या, चकत्यांवरही वाढवून पाहिल्या. खड्डे स्पष्ट पडले. माझ्या लेखी खरी परीक्षा तीच.

१९९८ मध्ये हे प्रथिन हाती येण्याआधी हाड बांधणाऱ्या पेशी सोबत वाढवून, ड जीवनसत्त्व देऊन हे घडवावं लागे. माझ्या आईचा मणका पिचला तेव्हापासून ती दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅब घेते. ते औषध माणसातल्या याच रँक-एलला धरून ठेवतं. त्यामुळे ही कुपी उघडताना मला दर वेळी आई आठवते.

आता तक्रारी. तिसरी कुपी वेगळ्या लॉटची होती. तिला ५० पुरले नाहीत, ७५ लागले. नवा लॉट आला की आधी मात्रा तपासून घ्याच. सहाव्या दिवसापासून पेशी झपाट्याने मरतात, त्याबद्दल माहितीपत्रकात अवाक्षर नाही. आमच्या नव्या विद्यार्थिनीची अख्खी प्लेट त्यात गेली. शिवाय दोनदा मीडियम भरायचं तर एका प्लेटला साधारण दोन मायक्रोग्रॅम जातात, म्हणजे कुपीत जेमतेम पाच प्लेटा. विरघळवल्यावर लगेच छोटे भाग करून उणे ८० ला ठेवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका.

पाचपैकी चार तारे. पुढच्या चार कुप्यांची ऑर्डर दिली आहे, पण चारही एकाच लॉटच्या हव्यात असं लिहून.