इफडेफ जागच्या जागी ठेवायचे की फाइलीच वेगळ्या करायच्या?

लिनक्सवरचा सॉकेटचा (नेटवर्क कनेक्शनचा) सी कोड विंडोजवर न्यायला घेतला की पहिल्याच दिवशी चार-पाच इफडेफ येतात, म्हणजे ‘अमुक नाव (मॅक्रो) डिफाइन केलेलं असेल तरच हा तुकडा कंपाइल कर’ अशा अटी. सॉकेट बंद करायला क्लोजऐवजी क्लोजसॉकेट, काय चुकलं ते विचारायला एररनोऐवजी डब्ल्यूएसएगेटलास्टएरर, सॉकेट वापरण्याआधी सुरुवातीला डब्ल्यूएसएस्टार्टअप. एवढ्यावर भागत असेल तर ते जागच्या जागी राहू द्या. दोनशे ओळींच्या टूलसाठी वेगळा संसार थाटायचं कारण नाही.

गडबड होते ती फंक्शनच्या पोटात फांद्या फुटल्यावर. आमच्याकडे एररच्या एका वाटेवर साधा क्लोज राहून गेला होता. विंडोजच्या सी रनटाइममध्येही त्या नावाचं फंक्शन आहे, पण ते फाइल डिस्क्रिप्टरसाठी (उघडलेल्या फाइलीच्या क्रमांकासाठी), सॉकेटसाठी नाही. बिल्ड झालं, इशारा आला, कुणी वाचला नाही आणि सॉकेट साचत गेले.

दुसरी रीत लिबयूव्ही या अनेक प्लॅटफॉर्मवर चालणाऱ्या सी लायब्ररीची: युनिक्स आणि विन असे दोन फोल्डर, कुठला कंपाइल करायचा ते बिल्ड ठरवतं. छोट्या प्रमाणात हेच करायचं तर नेट_पोसिक्स.सी, नेट_विन.सी आणि दोघांची मिळून एक हेडर. सॉकेटचा प्रकारही त्या हेडरमागे झाका. 64 बिटांच्या विंडोजवर तो 64 बिटांचा अनसाइन्ड (कधीच ऋण न होणारा) असतो, त्यामुळे ‘शून्यापेक्षा कमी’ ही तपासणी कधीच खरी ठरत नाही. तोटा उघड आहे: एका फाइलमधली दुरुस्ती दुसरीत करायची राहते. पण अनेक कनेक्शन एकाच वेळी सांभाळायला लिनक्सचा ईपोल आणि विंडोजचा आयओसीपी दोन्ही हवे असतील तर पर्यायच नाही. ईपोल सांगतो ‘आता वाचता येईल’, आयओसीपी सांगतो ‘वाचून झालं’. ही दरी इफडेफने बुजत नाही.

कुठलीही रीत घ्या, अट प्लॅटफॉर्मच्या नावावर घालू नका, सोयीवर घाला. तुटलेल्या कनेक्शनवर सेंड केल्यावर येणारा सिगपाइप (एरवी प्रोग्रामच बंद पाडणारा सिग्नल) टाळायला लिनक्सवर एमएसजी_नोसिग्नल, मॅकवर एसओ_नोसिगपाइप. दोन्ही मॅक्रोच आहेत, तेव्हा ‘हा आहे का?’ असं थेट विचारता येतं. फंक्शनांसाठी कर्ल या डाउनलोडच्या टूलसारखे ‘हॅव्ह’ने सुरू होणारे मॅक्रो कॉन्फिगरच्या वेळी बनवा. मात्र ते नेहमी 0 किंवा 1 असे डिफाइन करून इफने तपासा आणि डब्ल्यूअनडेफ (डिफाइन नसलेलं नाव इफमध्ये आलं की इशारा देणारा कंपायलरचा पर्याय) चालू ठेवा. इफडेफमध्ये स्पेलिंग चुकलं तर कंपायलर चकार शब्द काढत नाही.

माझा कल दोन फाइलींकडे आहे, अगदी दुसरी साठ ओळींची असली तरी. विनसॉक2.एच ही विंडोजच्या सॉकेटची हेडर विंडोज.एचच्या आधी घ्यावी लागते, हे मग एकाच फाइलीत सांभाळलं की झालं.