प्वेब्ला की वाहाका?

मेक्सिको सिटी बघून झाली, आता जुन्या स्पॅनिश वळणाचं एखादं शहर बघू म्हटलं की ही दोन नावं हमखास पुढे येतात. दोन्ही 1987 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. दोन्हीकडच्या बस तापो नावाच्या एकाच स्थानकातून सुटतात, पण प्वेब्ला दोन-सव्वादोन तासांवर आणि वाहाका साडेसहा-सात तासांवर. तेव्हा आधी हातात रात्री किती आहेत ते मोजा. एक-दोनच असतील तर वाहाकाचा नाद सोडा.

प्वेब्ला 1531 साली स्पॅनिश लोकांनी आखून वसवलं. पट्टी ठेवून मारल्यासारखे सरळ रस्ते, चुकायची सोय नाही. घरांच्या दर्शनी भिंतींवर तालावेराच्या, म्हणजे झिलई दिलेल्या मातीच्या, निळ्या-पिवळ्या फरशा. सांतो दोमिंगो चर्चमधलं रोझरीचं चॅपल (1690) सोन्याच्या वर्खाने इतकं मढवलंय की पाच मिनिटांत डोळे थकतात. मला त्यापेक्षा पालाफोक्सियाना ग्रंथालय आवडलं: 1646 साली बिशप पालाफोक्स यांनी दिलेल्या पाच हजार पुस्तकांवर उभं राहिलेलं, लाकडी कपाटांचं, शांत.

आपल्या लोकांनी ला कोंपान्या चर्चही चुकवू नये. सतराव्या शतकात हिंदुस्थानातून पळवलेली एक मुलगी मनिलामार्गे गुलाम म्हणून या शहरात आली. कातारीना दे सान हुआन हे नाव तिला नंतर मिळालं. 1688 साली ती वारली तेव्हा लोक तिला संत मानत होते. तिला याच चर्चमध्ये पुरलं. आशियातून आलेल्या कुणालाही तिथे सरसकट ‘चिनी’ म्हणत, म्हणून ती ‘चीना पोब्लाना’, प्वेब्लाची चिनी. त्याच नावाने दुकानांत मिरवणारा भरजरी पेहराव मात्र एकोणिसाव्या शतकातला, तिच्याशी त्याचा संबंध नाही.

शेजारच्या चोलुलात चर्च डोक्यावर घेतलेली टेकडी दिसते. ती टेकडी नाहीच, आकारमानाने जगातला सर्वांत मोठा पिरॅमिड आहे. सकाळी लवकर गेलात आणि हवा स्वच्छ असली तर मागे धुराचा शेला घेतलेला पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीही दिसतो.

वाहाकात इमारतींपेक्षा माणसं आणि आसपासची गावं जास्त. निदान चार रात्री हव्यात. एक सकाळ मोंते आल्बानला: डोंगरमाथा सपाट करून बांधलेलं सापोतेक लोकांचं शहर, इसवीसनपूर्व 500 च्या सुमाराचं. सावली जवळपास नाही, टोपी न्याच. तिथल्या सात नंबरच्या थडग्यात 1932 साली सापडलेलं सोनं सांतो दोमिंगोच्या संग्रहालयात आहे (हो, इथेही सांतो दोमिंगो). एक दिवस तेओतित्लानच्या विणकरांकडे. निवडुंगावरचे वाळवलेले किडे तळहातावर चुरडून त्यावर लिंबू पिळतात आणि किरमिजी रंग बघता बघता केशरी होतो. सतरंजी घ्यायची नसली तरी हे बघा.

खाण्यात माझं मत सरळ वाहाकाला. प्वेब्लाचं मोले पोब्लानो म्हणजे मिरच्या, तीळ, बदाम, मनुका आणि थोडं चॉकलेट यांचं गडद वाटण. एकदा खाल्लं की कळतं. आक्रोड-डाळिंबातली भरली मिरची, चिलेस एन नोगादा, मुख्यतः जुलै ते सप्टेंबरात मिळते. रताळ्याची कामोते ही मिठाई मात्र थेट आपल्या उपासाच्या ताटातली वाटेल. पण वाहाकात मोलेचेच सात प्रकार सांगतात, शिवाय मका-कोकोचं थंड पेय तेहाते, धाग्याधाग्याने सुटणारं केसियो चीज आणि लसूण-लिंबू लावलेले नाकतोडे. सोलेदाद चर्चच्या अंगणात जळक्या दुधाचं आइस्क्रीम मिळतं. जळकंच, मुद्दाम. दूध उतू गेल्यावर घरात सुटतो तो वास, वर निवडुंगाच्या फळाचा लाल गोळा.

शाकाहाऱ्यांनी दोन्हीकडे सावध राहावं. मोलेत बहुतेकदा कोंबडीचं पाणी, घेवड्यात डुकराची चरबी. ‘सिन मान्तेका’ (चरबी नको) हे दोन शब्द पाठ करा. वाहाकात त्लायुदा ही परातीएवढी मक्याची पोळी घेताना ‘सिन असिएंतो’ही म्हणा, कारण तिच्यावर सगळ्यात आधी असिएंतो, म्हणजे डुकराच्या चरबीचा तळाशी उरलेला गाळ, फासतात. बाजारातल्या मावशींना मी तसं सांगितलं तर त्यांनी क्षणभर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि भरपाई म्हणून भोपळ्याच्या फुलांची दुसरी मूठ टाकली.